कॉक बंद कर की! : गळक्या पेट्रोल पाइपची आणि उसाची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोलताना सुटलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्यात, आणि मधला कुत्रा भुंकण्याचा भाग काढलाय.

दिवाळीला गावी गेलो होतो. आमचं गाव केज तालुक्यात. सकाळी अंगणात आलो तर पेट्रोलचा वास. नानांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची, जुनी शंभर सीसीची फोर-स्ट्रोक गाडी लिंबाखाली उभी. वीस वर्षं झाली तिला, पण अजून रोज रानात जाते. खाली वाकून बघितलं तर टाकीखालच्या कॉकला एक थेंब लटकलेला. तो पडला, मग दुसरा आला. जमिनीवर डाग मात्र दिसेना, कारण पेट्रोल पडलं की उडून जातं. आता गळतंय किती, याचा हिशोब कसा लावणार?

मी मोबाइलचा टॉर्च लावून बघत बसलो. मागून नानांचा आवाज. "अरे काय बघायलास नुसतं? आधी कॉक बंद कर की!"

चार वर्षं बीटेक केलं, रोज सर्व्हर बंद पडला की पहिले काय करायचं याची यादी तोंडपाठ आहे, आणि इथं साधं कळलं नाही की आधी पुरवठा तोडायचा. असो. कॉक बंद केला, थेंब थांबला. म्हणजे टाकी ठीक, कॉकची आतली वायसर ठीक. गळत होतं ते कॉकच्या खालच्या नळीवर जिथे रबरी पाइप चढवलेला असतो तिथून. पाइपच्या तोंडाला बारीक चिरा पडलेल्या, आणि पाइप नखाने दाबला तर दबेना. प्लास्टिकच्या कांडीसारखा कडक.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. नळाला लावतात ती पांढरी टेप घरात होती. ती नळीवर गुंडाळली आणि पाइप परत चढवला. दुपारपर्यंत गळणं थांबलं, संध्याकाळी गाडी बंद पडली. केजला मिस्त्रीकडे ढकलत नेली. चाचांनी पाइप ओढला, आतून टेपचे पांढरे धागे काढून माझ्या हातावर ठेवले. "इंजिनेर है ना?" एवढंच म्हणाले. ती टेप आट्यांसाठी असते. पाइप जिथे नुसता सरकवून चढवतात तिथे तिचा उपयोग नाही. उलट तिचे तुकडे सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात, आणि जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं.

नवीन पाइप, दोन क्लिपा, वीस मिनिटं. पण निघताना चाचा एक वाक्य बोलून गेले, आणि या भागाचं सगळं खूळ तिथून सुरू झालं. ते म्हणाले की पूर्वी जुन्या गाडीचा पाइप पाच-सहा वर्षं बघावा लागत नव्हता, हल्ली दोन दिवाळ्या काढल्या तरी पुष्कळ. "ये उस का पेट्रोल है, बेटा."

उसाचं पेट्रोल. बीडच्या माणसाला हा शब्द ऐकून जरा थांबावं लागतं.

तर आधी गाडीकडे येऊ, मग उसाकडे.

आपल्या जिल्ह्यात मोटारसायकलला एवढं महत्त्व का, हे नकाशात दिसतं. परळीला रेल्वे निजामाच्या काळापासून आहे, पण जिल्ह्याच्या ठिकाणी, बीड शहरात, गाडी पोचली 17 सप्टेंबर 2025 ला. म्हणजे मराठवाडा मुक्त झाल्यानंतर बरोबर 77 वर्षांनी. तोपर्यंत एसटी, वडाप आणि दुचाकी. बालाघाटच्या डोंगरातल्या वाड्या-तांड्यांवर तर एसटीसुद्धा दिवसातून एकदाच.

सुरुवातीच्या दुचाक्या म्हणजे श्रीमंतांचं काम होतं. एन्फिल्ड बुलेट 1955 पासून मद्रासला बनू लागली. जावा 1961 पासून म्हैसूरला, तीच पुढे येझदी झाली. 1962 पासून एस्कॉर्ट्सची राजदूत, जी मूळ पोलंडच्या गाडीवरून घेतलेली. राजदूत म्हणजे दूधवाल्याची गाडी. दोन्ही बाजूंना कॅन बांधा, खड्ड्यातून घाला, काही म्हणत नाही.

या सगळ्या गाड्यांत पेट्रोल इंजिनापर्यंत जायचं ते निव्वळ उतारानं. टाकी वर, कार्बोरेटर खाली. पंप नाही, वायर नाही. विहिरीवरच्या टाकीतून वाफ्यात पाणी जावं तसं. आणि मध्ये तो कॉक. ऑन, ऑफ, रिझर्व्ह. ज्यांनी 2020 नंतरच गाडी घेतली त्यांना हे सांगावं लागेल, कारण त्यांच्या गाडीला बहुधा कॉकच नाही.

रिझर्व्ह म्हणजे वेगळी टाकी असते असं मला कॉलेजपर्यंत वाटायचं. तसं काही नसतं. टाकीच्या आत कॉकला एक उभी नळी असते. ऑनवर पेट्रोल त्या नळीच्या वरच्या तोंडातून येतं. पातळी त्या तोंडाखाली गेली की गाडी आचके देते. मग डावा हात न बघता खाली जातो, कॉक रिझर्व्हवर फिरतो, आणि आता पेट्रोल तळाच्या भोकातून येतं. बस्स. एक उंच नळी आणि एक भोक, यावर अख्ख्या पिढीनं पेट्रोलचा अंदाज बांधला. काटा नाही, लाइट नाही. मी रोज ज्या सिस्टिम्सवर काम करतो त्यातली एकही इतकी साधी नाही, आणि इतकी भरवशाचीही नाही.

पण तळाच्या भोकाचा एक तोटा. टाकीतला गंज, कचरा, पाणी, सगळं तळाला बसतं आणि रिझर्व्ह लावला की तेच आधी येतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता 1972. हे साल आपल्याकडे एकाच गोष्टीसाठी आठवतात, दुष्काळ. पण त्याच वर्षी शेजारच्या नगरच्या कायनेटिकची लुना बाजारात आली. पन्नास सीसी, इटलीच्या पियाजिओच्या छोट्या मोपेडवरून घेतलेली, पायडल मारून चालू होणारी. वर्षभरात जगात तेलाचं संकट आलं, पेट्रोल महागलं, आणि थोड्या पेट्रोलवर पळणाऱ्या गाडीचं महत्त्व आणखी वाढलं. शिक्षक, तलाठी, पोस्टमन यांच्या दारात पहिल्यांदा इंजिनवाली गाडी उभी राहिली ती बऱ्याच ठिकाणी लुनाच्या रूपात.

आणि त्याच दुष्काळानं बीडची माणसं बैलगाड्या जुंपून नगरकडे, पुढे सांगली-कोल्हापूरकडे ऊस तोडायला निघाली. जाणं आधीपासून होतं; प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 पासून चालू होता, आणि त्यामागे कारखान्यांची रांग लागलेली. पण 1972 नंतर पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, केज या भागांतून जाणाऱ्यांची संख्या अशी वाढली की दसरा झाला की गावं अर्धी रिकामी होणं हा रिवाजच झाला. एकच साल, एकच रस्ता, नगरचा. तिकडून लुना येत होती, इकडून कोयते जात होते.

1985 मध्ये औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि मराठवाड्यातल्या पोरांना गाडी विकत घेण्याआधी गाडी बनवण्याची नोकरी मिळू लागली. लगेच एम-80 आली, जिच्यावर चारा, शेळी, बायको, दोन पोरं, सगळं बसायचं. त्याच 1985 साली हीरो होंडाची सीडी-100 आली. चार स्ट्रोकची, तेल मिसळायची कटकट नाही, लिटरला ऐंशीच्या जवळपास पळते असा बोलबाला. पेट्रोल भरा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात होती. 1994 मध्ये स्प्लेंडर आली आणि त्यापुढचा इतिहास तुमच्या घराबाहेर उभा आहे, बघून या.

सांगायचा मुद्दा असा की राजदूतपासून 2019 पर्यंतच्या गाड्यांत इंजिन बदलली, चाकं बदलली, ब्रेक बदलले, पण टाकी ते कार्बोरेटर हा वीतभर पाइप तसाच राहिला. एक रबरी नळी, दोन क्लिपा, आणि उतार.

बदललं ते आतलं पेट्रोल.

पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायची कल्पना नवीन नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर दुसऱ्याच वर्षी, 1948 मध्ये, आपल्या देशात पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता. फारसा वापरात न राहता तो 2000 साली रद्द झाला. आणि गंमत बघा, 2001 मध्ये हीच गोष्ट परत सुरू झाली. 5 टक्के इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग देशात तीन ठिकाणी झाला, त्यातली दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड. तिसरं उत्तर प्रदेशात बरेलीकडे. आपल्या मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीहून येतात. म्हणजे या प्रयोगात आपण पहिल्या बाकावर होतो, कुणी विचारलं नव्हतं तरी.

2003 पासून काही राज्यांत 5 टक्के सुरू झालं, पण रडतखडत. 2014 मध्ये देशाची सरासरी होती 1.53 टक्के. मग वेग आला. जून 2022 मध्ये 10 टक्के झाल्याचं जाहीर झालं. फेब्रुवारी 2023 पासून काही पंपांवर ई-20, आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांचा टप्पा गाठला. आधी हे लक्ष्य 2030 चं होतं, ते पाच वर्षं अलीकडे ओढलं.

आता मी कोडिंगवाला, म्हणून मला इथे एकच शब्द आठवतो, बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी. नवीन अपडेट टाकताना जुन्या फोनवर ॲप चालेल का, हे आधी बघायचं. नवीन गाड्यांसाठी वेळापत्रक आखलं होतं, एप्रिल 2023 पासून ई-20 ला टिकणारे पाइप आणि वायसर, एप्रिल 2025 पासून इंजिनही त्याप्रमाणे जुळवलेलं. पण नानांची गाडी वीस वर्षांपूर्वीची. तिला अपडेट आलं, विचारलं नाही. पंपावर जुनं पेट्रोल मिळायची सोय राहिली नाही. तशी सोय ठेवा म्हणून कुणी सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं, ती याचिका 1 सप्टेंबर 2025 ला फेटाळली गेली.

इथेनॉल पाइपला करतं काय? जुन्या गाड्यांतला रबर पेट्रोल सोसायला बनवलेला. इथेनॉलचा स्वभाव पेट्रोलपेक्षा वेगळा, पाण्याशी जवळचा. ते काही रबरांत शिरून त्यांना फुगवतं आणि रबर मऊ ठेवणारे घटक हळूहळू बाहेर काढतं. गाडी उभी राहिली, पाइप सुकला, की तो आकसतो आणि कडक होतो. फुगणं-आकसणं असं शंभर वेळा झालं की तोंडाला चिरा पडतात. दुसरं, इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाणी फार झालं की इथेनॉल पेट्रोलची संगत सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. आणि तळाला काय आहे? रिझर्व्हचं भोक. पावसाळ्यात महिनाभर उभी असलेली जुनी गाडी रिझर्व्हवर चालूच होत नाही, त्यामागे हे एक कारण असू शकतं.

ब्राझीलनं हे सगळं आधी भोगलंय. त्यांनी 1975 मध्ये उसाच्या अल्कोहोलचा सरकारी कार्यक्रम सुरू केला, 1979 मध्ये फक्त अल्कोहोलवर चालणारी कार रस्त्यावर आली. जस्ताच्या मिश्रधातूचे कार्बोरेटर झिजायला लागले तेव्हा त्यांच्यावर निकेलचा मुलामा चढवावा लागला. म्हणजे प्रश्न सुटणारा आहे. फक्त तो कारखान्यात सोडवायचा असतो, केजच्या टपरीवर नाही.

पण चाचांचं सगळंच खरं मानू नका. नानांची गाडी लिंबाखाली असते म्हणालो, पण लिंबाची सावली दुपारी दुसरीकडे जाते. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन, इंजिनाची धग आणि वीस वर्षं, एवढ्यानं कुठलाही रबर कडक होतो. शिवाय आधीचा पाइप कसला होता कुणास ठाऊक. बाजारात तीस रुपयांचा पारदर्शक पाइप मिळतो तो मुळात पेट्रोलसाठी आहे का, हीच शंका. इथेनॉल आरोपी आहे, एकटा नाही. ॲव्हरेजचंही तसंच. सगळे म्हणतात निम्मं झालं. निम्मं होऊच शकत नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे 20 टक्के मिसळलं तर हिशोबानं तूट सहा-सात टक्क्यांची. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के म्हटलंय, चारचाकींसाठी 6 ते 7. बाकीचं ॲव्हरेज चेन, टायरची हवा आणि गळकी नळी खाते.

आता उसाकडे.

गावी असतानाच मी एक हिशोब मांडला, मोबाइलवरच. एक टन उसाचा सगळा रस इथेनॉलला लावला तर साधारण 70 लिटर इथेनॉल निघतं. दहा लिटरची टाकी, 20 टक्के, म्हणजे दोन लिटर इथेनॉल. म्हणजे 28-29 किलो ऊस. डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवतात ती एक मोळी, तीही जरा हलकी. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, त्यानंतर टनाचा दर 366 रुपयांच्या घरात आला. त्या दरानं आपल्या मोळीचे झाले दहा-साडेदहा रुपये. ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची, फळीवरून चढून गाडीत टाकायची, नवरा-बायको दोघांचे मिळून दहा रुपये. दोघांचा मिळून एक कोयता धरतात, हिशोबही कोयत्याचाच. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला कारखान्याला लिटरला 65 रुपये 61 पैसे मिळतात, म्हणजे दोन लिटरचे 131. आणि तीच टाकी भरायला आपण पंपावर हजाराच्या वर मोजतो.

हा हिशोब सगळं इथेनॉल उसाचं आहे असं धरून केलाय, हे प्रामाणिकपणे सांगतो. तसं नाहीये. डिसेंबर 2023 मध्ये पाऊस कमी झाला म्हणून सरकारने उसाचा रस इथेनॉलला वापरण्यावर बंधनं आणली, ती ऑगस्ट 2024 मध्ये उठली. मधल्या काळात मका पुढे निघून गेला, आणि आता देशात सगळ्यात जास्त इथेनॉल मक्यापासून होतं. तर चाचांचं "उस का पेट्रोल" अर्धंच खरं. पण नानांना मी हिशोब वाचून दाखवला तेव्हा ते मक्याबद्दल काही बोलले नाहीत. ते स्वतः बारा हंगाम तोडणीला गेलेत, कर्नाटकात, आधी बैलगाडी घेऊन, नंतर टोळीबरोबर ट्रॅक्टरवर. ही गाडीसुद्धा मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून आलेली. पुढचे दोन हंगाम ती फेडण्यात गेले.

"म्हणजे माझ्याच मोळीनं माझा पाइप फाडला म्हण की," ते म्हणाले, आणि हसले. मला हसू आलं नाही.

शेवटी कामाचं सांगतो, कारण दोन-तीन जणांनी मेसेज करून विचारलंय. कार्बोरेटरवाली जुनी गाडी गळत असेल तर इंजिन थंड होऊ द्या, कॉक बंद करा, आसपास बिडी-सिगारेट नको, आणि मोबाइलवर बोलत काम करू नका. कॉक आणि पाइप फडक्याने कोरडे पुसा, मग कॉक चालू करून कोरडा कागद एकेका जोडाला टेकवा. जिथे आधी भिजेल तिथे गळती. खालून बघून फसू नका, थेंब पाइपवरून घरंगळत दुसरीकडे येतो. पाइपचं फक्त तोंड खराब असेल आणि पाइप अजून मऊ असेल, तर अर्धा इंच कापून परत चढवता येतं. कडक झाला असेल तर पूर्ण बदला, आणि घेताना इथेनॉलला चालणारा द्या म्हणून स्पष्ट मागा. क्लिपाही नव्या. टाकी आणि कॉकच्या मध्ये गळत असेल तर तिथली रिंग बदलायची, नट जोर लावून आवळायचा नाही. कॉकचं अंग मऊ धातूचं असतं, आटे गेले की अख्खा कॉक घ्यावा लागतो. रस्त्यात टाकीला बारीक भोक पडलं तर कपड्याचा साबण घासून बसवतात, ते घरी पोचण्यापुरतं चालतं, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. घरी पोचण्यापुरतं म्हणजे घरी पोचण्यापुरतंच.

आणि तुमची गाडी एप्रिल 2020 नंतरची, बीएस-6 इंजेक्शनवाली असेल तर यातलं काहीही करू नका. तिथे टाकीतच पंप असतो आणि पाइपमध्ये साधारण तीन बारचा दाब असतो, तुमच्या टायरमधल्या हवेपेक्षा जास्त. नानांच्या गाडीतल्या उतारानं येणाऱ्या दाबाच्या शंभराहून जास्त पट. तिथे थेंब पडत नाही, फवारा उडतो, आणि खाली सायलेन्सर तापलेला असतो. दाब उतरवल्याशिवाय तो जोड उघडायचा नाही, आणि तीस रुपयांचा पाइप तिथे चढवायचा नाही. तिथे सरळ मिस्त्रीकडे. वास आला तर गाडी चालू न करता ढकलत.

नानांची गाडी परवा विचारली फोनवर. गळत नाही म्हणाले. चाचांनी पाइपवर उरलेल्या अर्ध्या क्लिपेचे पैसेसुद्धा घेतले नाहीत, टेपचं बघून त्यांची दिवाळी झाली म्हणे. गावातले निम्मे लोक आता तोडणीला गेलेत, गाडीवर रानात जायलाही कुणी सोबतीला नाही.